पिचूची मादी उठत नाही

आमचं घर डोळखांबच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याच्या एका पाड्यावर होतं. कारवीचा कूड, वर पेंढा, घरात माणसं चार आणि घोंगड्या दोन. भात आम्ही पिकवायचो, पण निम्म्याहून जास्त जमीनवाल्याच्या घरी जायचं. उरलेलं होळीपर्यंत कसंबसं पुरायचं. पुढे नाचणीची आंबील, आणि पावसाळ्यात नाचणीही संपली की डोंगरातला कडू कंद. हा कंद चिरून, उकडून, रात्रभर वाहत्या ओढ्यात ठेवावा लागतो, तेव्हा कुठे तो पोटात राहतो. एका वर्षी आईने आमची तोंडं बघून तो लवकर काढला आणि आम्ही सबंध दिवस ओकत राहिलो. पुढे कॉलेजात माझ्या वर्गातली मुलं खेड्यातल्या दारिद्र्यावर निबंध वाचून दाखवायची, तेव्हा मला त्या कंदाची चव आठवायची. या गोष्टीची सुरुवात एकोणीसशे तीसनंतरच्या चार-पाच वर्षांतली.

बा राब तोडायचा. राब म्हणजे काय, हे शहरातल्या वाचकाला सांगायला हवं. आमच्याकडे भाताचं रोप टाकायची जमीन आधी भाजून घेतात. त्यासाठी पौष-माघात झाडावर चढून फांद्या तोडायच्या, त्या वाळवायच्या, चैत्र-वैशाखात शेण-गवताबरोबर जमिनीवर पसरून पेटवायच्या. राबाला ऐनाच्या झाडाची फांदी सगळ्यात चांगली. त्यामुळे आमच्या डोंगरातला एकही ऐन तुम्हाला धड दिसला नसता. वर शेंडा राखलेला आणि खाली सगळीकडे खुंट, जसं पोराचं डोकं भादरून वर शेंडी ठेवावी तसं. बा स्वतःच्या राबासाठी चढायचा आणि पाड्यातल्या ज्यांना चढवत नसे त्यांच्यासाठीही. त्याबद्दल त्याला भात मिळायचं. कमरेला मागे लाकडाची आकडी, आकडीत कोयता, आणि पायात काही नाही.

तोडलेल्या खुंटात पावसाचं पाणी मुरतं. चार-पाच वर्षांत आतलं लाकूड कुजतं आणि ढोली तयार होते. या ढोल्यांत पिचू राहायचा.

पिचू हा पोपट आहे, पण पोपट म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर येतो तो नव्हे. चिमणीएवढा. अंग पानासारखं हिरवं, शेपटी जवळजवळ नाहीच, चोच लाल आणि पाठीच्या शेवटाला लाल ठिपका. नराच्या गळ्यावर निळी झाक असते. झाडावर बसला की तो दिसतच नाही. तो उडतो तेव्हा आधी त्याची 'ची-ची-ची' ऐकू येते, आणि मान वर करेपर्यंत तो पुढच्या झाडात शिरलेला असतो. पांगारा आणि काटेसावर फुलली की तो फुलांतला रस प्यायला खाली पाड्यापर्यंत यायचा. फुलाला उलटा लोंबून रस प्यायचा, चोचीने फांदी धरून माकडासारखा सरकायचा. शिंदीच्या झाडाला लावलेल्या मडक्यातली ताडीही प्यायचा आणि कधीकधी इतकी प्यायचा, की खाली गवतात येऊन पडायचा. एखादा माणूस ताडी पिऊन बांधावर आडवा झाला तर आमच्याकडे म्हणायचे, याचा पिचू झाला.

राब तोडणाऱ्यांची एक रीत होती. फांदीवर भार टाकण्याआधी कोयत्याच्या मुठीने खोडावर दोन-तीनदा ठोकायचं आणि थोडं थांबायचं. फांदी आतून पोकळ असेल तर तिच्यात कोणीतरी राहत असणार, खार नाहीतर साळुंकी नाहीतर तांबट, आणि ठोकलं की तो बाहेर येणार. काहीच बाहेर आलं नाही तर फांदी भरीव, पाय द्यायला हरकत नाही. आवाजावरून का ओळखत नव्हते, असं मला पुढे एकाने विचारलं. ऐनाची साल बोटभर जाड आणि मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली असते, तिच्यावर ठोकलं की सगळं सारखंच वाजतं. म्हणून लोक पाखरावर भरवसा ठेवायचे. माझ्या आज्याने ठेवला, बानेही ठेवला. बा ठोकताना मोठ्याने विचारायचा, "कोन हाय का घरात?" आम्ही खाली फांद्या गोळा करत असू, आम्ही हसायचो.

माघातली सकाळ होती. मी आणि माझी थोरली बहीण खाली उभे होतो. तिला मी बाय म्हणायचो. बाने ठोकलं, विचारलं, थांबला. काही आलं नाही. त्याने जुन्या खुंटावर पाय ठेवला आणि वरच्या फांदीवर कोयता मारला. खुंट खोडापासून तुटला. बा ओरडला नाही. खाली दगड होता.

बाय आधी त्याच्याकडे धावली, मग मी. त्याचे डोळे उघडे होते. "कोयता कुटं गेला बग," तो म्हणाला. "कोनाच्या पायाला लागंल." मी कोयता शोधला. बायने बाला उठवायला काखेत हात घातले आणि तेव्हा आम्हाला कळलं, की कमरेखालचा बा तिच्या हातांबरोबर येत नाही.

घोंगडीची झोळी करून पाड्यातल्या चौघांनी त्याला शहापूरला दवाखान्यात नेलं. डॉक्टरने त्याच्या पायाच्या तळव्याला सुई टोचली. बा त्याच्याकडे बघत राहिला.

"आता दुसऱ्या पायाला टोचा," बा म्हणाला.

"दोन्हींना टोचून झालं," डॉक्टर म्हणाला.

दुसऱ्याच दिवशी बाला तसंच परत घरी आणलं. तुटलेला खुंट बायने आधीच घरी आणला होता. राबाचं लाकूड रानात टाकून येत नाहीत. अंगणात तो चुलीसाठी फोडायला घेतला तेव्हा तिला आत हिरवं काहीतरी दिसलं. पिचूची मादी होती. खाली पानांच्या बारीक चिरफळ्या, त्यावर तीन पांढरी अंडी, एक फुटलेलं, आणि वर ती बसलेली. एवढं झाड हललं, खुंट तुटला, तिच्यासकट जमिनीवर आपटला, बायने तो डोक्यावरून घरी आणला, तरी ती उठली नव्हती. बायने बोट लावलं. तिने चोच उघडली, पण उठली नाही.

आई म्हणाली, "फेक तिकडं. हिच्यापायी घर बसलं."

बा पडवीत बाजेवर होता. तो म्हणाला, "बांद तो खुंट पांगाऱ्याला. तिचा काय दोस."

बायने वेलाने तो खुंट अंगणातल्या पांगाऱ्याला बांधला. मादीला खाऊ घालायचं काम नराचं असतं, आणि नर डोंगरात त्याच ऐनाभोवती फिरत राहिला. मी जाऊन बघितलं, तो तिथे ओरडत होता. त्याला हाकलून इकडे कसा आणणार? दोन-तीन दिवसांनी खुंटाला मुंग्या लागल्या. मादी तेव्हाही अंड्यांवर बसलेलीच होती, पण मेलेली. बाय तिला पुरून आली आणि बाला सांगितलं, की उडून गेली. बाने मान हलवली. त्याने विश्वास ठेवला असं मला वाटत नाही.

आता राब कोण तोडणार, हा प्रश्न होता. मी किन्हवलीच्या शाळेत चौथी पुरी करत आणली होती, आणि मास्तरांनी सांगितलं होतं, की याला पुढे शहापूरला घाला, थांबवू नका. काका आला. बाच्या बाजेजवळ उकिडवा बसला.

"काय रं, पिचू झाला तुजा," तो म्हणाला. बा हसला. मग काका म्हणाला, "पोरगा चढंल. हाताखाली घेतो मी त्याला."

"तो चढनार नाय."

"मंग खानार काय?"

"तो चढनार नाय," बा म्हणाला. "तो शिकंल. पुढचं मना ठाव नाय."

"शिकून काय, फांद्या आपोआप खाली येतान काय?"

बाय आतून आली. तिने खुंटीवरची आकडी काढली, कमरेला बांधली आणि दोरी ओढून बघितली. काका उठून उभा राहिला.

"बाईमानूस राबाला चढलं तं शेत करपंल गो."

"मंग तुमी चढा, काका," बाय म्हणाली. "तुमचे पाय तं धड हायेत."

काका गेला. तो चढला नाही, दुसरंही कोणी आलं नाही. आमच्याकडे बाई नांगराला हात लावत नाही आणि राबाला चढत नाही. नियम कोणी केला ते कोणाला ठाऊक नव्हतं, पण सगळे पाळायचे. बाय त्या वर्षी चढली. भात करपलं नाही. पुढच्या वर्षी लोक आपापले राब तिच्याकडून तोडून घेऊ लागले आणि तिच्या हातचं पाणी मात्र जरा थांबून प्यायचे.

तिचं लग्न मुरबाडच्या बाजूला, वैशाखरे गावात ठरलेलं होतं. ती चढली त्याच वर्षी चैत्रात मुलाकडची तीन माणसं आली. बाय तेव्हा घराच्या मागच्या चढावर ऐनावर होती, राहिलेल्या फांद्या उतरवत होती. तिने वरून त्यांना बघितलं आणि ओरडून म्हणाली, "बसा, पानी घ्या, मी येतेच खाली." त्यांनी पाणी घेतलं. म्हातारा होता त्याने वर बघितलं, मग बाकडे बघितलं.

"आमाला सून पायजे," तो म्हणाला. "वांदर नको."

बा उठून त्याला काही करू शकला नाही. बाय खाली उतरून हात धुऊन आली तेव्हा ते ओढा ओलांडून गेले होते. तिने त्यांचे तांबे उचलले, घासले आणि पुन्हा वर चढली. दोन वर्षांनी एक बिजवर आला, पोरांचा बाप. तो चांगला माणूस होता असं आई म्हणायची. बाय म्हणाली, "त्याच्या पोरांना आय भेटंल. माज्या बापाला कूस कोन बदलंल?" त्यानंतर कोणी विचारायला आलं नाही.

मी शहापूरला एका वाण्याच्या ओट्यावर राहून, त्याच्या घरी पाणी भरून सातवी केली. पुढे कल्याणला इंग्रजी शाळा, मुलांच्या एका वसतिगृहात. हे मी अभिमानाने सांगतो. माझ्या आधी आमच्यातल्या कोणी पाटीवर अक्षर काढलं नव्हतं, आणि मी वर्गात पहिल्या पाचांत होतो. पण सुट्टीत घरी जायचो तेव्हा तो अभिमान ओढ्याच्या अलीकडेच ठेवून जावा लागायचा. पडवीत बा तसाच असायचा. पाठीला जखमा झालेल्या, त्यांत बाय कडुनिंबाचं पाणी घालायची. बाजेचं तोंड पांगाऱ्याकडे केलेलं.

बा दिवसभर पिचू बघायचा. त्याला दुसरं काही बघायला नव्हतं. फाल्गुनात पांगारा लाल झाला की तो मला सांगायचा, "बग, आले." मला काहीच दिसायचं नाही. मग एखादं फूल हलायचं आणि त्याच्याखाली उलटा लोंबलेला पिचू दिसायचा. बाने मला दाखवलं, की मादी पानाची कड चोचीने सरळ कापते, शिवणाऱ्याने कापडाची पट्टी काढावी तशी, आणि ती पट्टी चोचीत न धरता पाठीच्या लाल पिसांत खोचते. अशा पाच-सहा पट्ट्या खोचल्या की उडते. वाटेत काही पडतात. ती मागे वळून बघत नाही, उरतील तेवढ्या ढोलीत नेते.

संध्याकाळी ते झोपायला यायचे. पिचू बसून झोपत नाही. फांदीला पायांनी धरून, डोकं खाली करून, वटवाघळासारखा लोंबतो आणि तसाच झोपतो. दोन-चार सारखे लोंबले की वाटतं झाडाला हिरवी फळं लागली आहेत.

"पाय बग त्याचे," बा एकदा म्हणाला. "जोपंत बी सुटत नाय." थोड्या वेळाने तो म्हणाला, "मना एकदा तरी कळाया पायजे होतं, ती आत होती तं उठली का नाय. साळुंकी उठती. खार उठती. ही का नाय उठली?"

हा प्रश्न त्याने मला बऱ्याच वेळा विचारला. तो चिडून विचारत नसे. त्याने ठोकलं होतं, विचारलं होतं, थांबला होता. सगळं रीतीप्रमाणे केलं होतं, आणि त्याचा हिशेब लागत नव्हता.

मॅट्रिक होऊन मी मुंबईला कॉलेजात गेलो. दुसऱ्या, म्हणजे इंटरच्या वर्षी तिथल्या ग्रंथालयात पाखरांवरचं एक जाड इंग्रजी पुस्तक हाताला लागलं, कोण्या साहेबाने लिहिलेलं. त्यात पिचू होता. त्याचा रंग, त्याचं रस पिणं, त्याचं उलटं झोपणं, सगळं होतं. आणि एक वाक्य होतं, की अंड्यांवर बसलेली मादी इतकी घट्ट बसते की झाड ठोकलं तरी उठत नाही, तिला हाताने उचलून बाजूला करावं लागतं. मी ते वाक्य पुन्हा वाचलं. पुस्तकाच्या सुरुवातीला छापल्याचं साल होतं. ते बा जन्मला त्याच्याही आधीचं होतं.

उन्हाळ्यात घरी गेलो तेव्हा मी बाला ते सांगितलं. त्याने नीट ऐकलं.

"उठतच नाय?"

"नाही. पिचूची मादी उठतच नाही."

"आन हे लिवलेलं हाय?"

"हो."

"कवापासून?"

मी सांगितलं. बाने पांगाऱ्याकडे बघितलं. तेव्हा फुलं झडून गेली होती.

"आन मुंबईत ठेवलं," तो म्हणाला. "मुंबईत राब तोडतात काय?"

बाय चुलीपाशी होती. ती हसली, बासुद्धा हसला. मला हसता आलं नाही. पुढे मी बरीच पुस्तकं वाचली, पण वाचताना बाचा तो प्रश्न कायम सोबत असायचा.

मग लढाई आली. आमच्याकडे लढाई कोळशाच्या रूपाने आली. पेट्रोल मिळेनासं झालं, मोटारी कोळशाच्या गॅसवर चालू लागल्या, मुंबईला चुलीसाठी कोळसा हवा होता तो वेगळाच. ठेकेदाराची माणसं डोंगरात शिरली आणि ऐन बुंध्यापासून तोडू लागली. ऐनाचा कोळसा चांगला होतो. एका बाजूने भट्ट्या लागत आल्या. पाड्यातले सगळे भट्टीवर कामाला गेले, कारण राब तोडायला झाडच राहिलं नव्हतं. बायही गेली. जी झाडं तिने वर्षानुवर्षं शेंडा राखून जगवली, तीच ती मातीखाली रचून जाळायची. संध्याकाळी घरी आली की तिच्या चेहऱ्यातले फक्त डोळे ओळखू यायचे. राब नाही म्हणून भाताची जमीन नुसत्या गवता-शेणावर भाजली, रोप पिवळं आलं.

अंगणातला पांगारा कोणी तोडला नाही. त्याचं लाकूड पोचट, कोळशाला निकामी. माझ्या बी. ए.च्या आधीच्या वर्षी तो नेहमीसारखा फुलला, एकही पान नाही आणि सगळा लाल, आणि पिचू आले नाहीत. ढोल्या ऐनात होत्या, ऐन गेले. रस इथे होता, पण घर करायला जागा नव्हती. बाने फाल्गुन संपेपर्यंत वाट बघितली. फुलं अंगणात पडून काळी झाली. मग तो बायला म्हणाला, "बाज फिरव गो. माजं भिंतीकडं तोंड कर."

त्यानंतर तो फारसा बोलला नाही. मी गेलो तरी भिंतीकडेच बघायचा. मी विचारलं, "बा, काय दुखतंय?" तो म्हणाला, "दुकाया पायजे होतं."

आईने मला त्या वेळी एकट्याला गाठून सांगितलं, की आता पुरे कर, भट्टीवर हिशेब लिहायला माणूस हवा आहे, घरी राहा. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. तिला खोकला लागला होता आणि बाय एकटी किती ओढणार. मीही जवळजवळ हो म्हणालो होतो. बायने ते ऐकलं.

"तू राहनार?" ती म्हणाली. "मंग मी झाडावर का चढली ते सांग मना. बस इथं आन सांग."

मी मुंबईला परत गेलो.

पुढच्या वर्षी शेवटची परीक्षा झाली आणि मी घरी आलो, तेव्हा पडवीत बाज नव्हती. बाय अंगणात लाकडं फोडत होती. मी तिच्याकडे बघितलं आणि मला कळलं.

"कवा?" मी विचारलं. इतक्या वर्षांनी माझ्या तोंडून घरचा शब्द आला.

"होळीच्या आदी."

"मला का नाही कळवलं?"

"तुजी परीक्षा होती." तिने कुऱ्हाड खाली ठेवली. "पाड्यातला एक जन निघाला होता तुना सांगाया. मी त्याला आसनगावच्या टेसनावरून माघारी आनला."

"आई काय म्हणाली?"

"आय रडली. रडू दे. तू आला आसतास तं परत गेला नसतास."

तिचं म्हणणं खरं होतं. मी तिथेच लाकडांवर बसलो. समोर डोंगर उघडा पडला होता, नुसते बुंधे आणि भट्ट्यांचे काळे गोल. बाय तेव्हा तिशीची असेल, पन्नाशीची दिसत होती. बा शेवटी काही म्हणाला का, असं मी विचारलं. ती म्हणाली, नाही, भिंतीकडे तोंड होतं.

जूनमध्ये निकाल लागला. मी दुसऱ्या वर्गात बी. ए. झालो. आमच्या घरात आणि आमच्या पाड्यात पदवी मिळवणारा मी पहिला माणूस, आणि मी राबासाठी एकदाही झाडावर चढलो नाही.